हजेरीपटावर नसलेला कामगार

(भिवंडी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

भिवंडीत श्रमाविषयी बोलायचे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोन माणसे उभी राहतात. एक, यंत्रमागावर बारा बारा तास काढणारा विणकर. आणि दुसरा, काल्हेर-कशेळीपासून माणकोलीपर्यंत पसरलेल्या गोदामांत माल चढविणारा-उतरविणारा हमाल. या दोघांविषयी आपण बोलत राहिलेच पाहिजे. परंतु आज मी तिसऱ्याच एका माणसाविषयी बोलणार आहे. तो अठरा-वीस वर्षांचा आहे, महाविद्यालयात शिकतो आणि उरलेल्या वेळात लोकांचे संगणक चालू ठेवतो. कोणी त्याला ‘सपोर्टवाला’ म्हणतो, कोणी ‘कॉम्प्युटरवाला पोरगा’. महाविद्यालयाच्या हजेरीपटावर त्याचे नाव असते, पण तो तेथे पुष्कळदा नसतो. जेथे तो रोज असतो, तेथे हजेरीपटावर त्याचे नाव नसते. या एका विसंगतीत माझा आजचा सगळा विषय आला.

हे काम भिवंडीत आले कोठून, ते प्रथम पाहू. मुंबईच्या जकात नाक्यांबाहेर, महामार्गाला लागून, तुलनेने स्वस्त जमिनीवर येथे गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. पण गोदामे गेली नाहीत, उलट वाढली. एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या ५०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या मालाला ई-वे बिल सक्तीचे झाले. त्या बिलाची मुदतसुद्धा सर्वसाधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजून दिलेली. सूत विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या पेढीवरची लाल चोपडी गेली आणि टॅली आली. गोदामातल्या प्रत्येक खोक्यावर बारकोडची चिठ्ठी आली, ती वाचणारे हातातले यंत्र आले, मागांच्या खोल्यांत कॅमेरे आले. आता छपाईयंत्र अडकले किंवा इंटरनेट तुटले, तर भरलेला ट्रक फाटकातच उभा राहतो. हमाल आहेत, चालक आहे, माल आहे. पण कागद नाही म्हणून चाक हलत नाही. त्या क्षणी ज्याला फोन जातो, तो हा मुलगा. भिवंडीच्या व्यापारातली एक महत्त्वाची खीळ आज त्याच्या हातात आहे. तरीही या व्यापाराच्या हिशेबात तो कोठेच दिसत नाही.

त्याचा दिवस कसा जातो, हे आपण जवळून पाहिले पाहिजे. मी कोणा एकाची कहाणी सांगत नाही. आगरी घरातला मुलगा असो, मोमीन घरातला असो, की तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकराचा नातू असो, या दिवसाचा साचा फारसा बदलत नाही. सकाळी महाविद्यालयाचे तास. दुपारी डबा खाऊन संगणकाच्या दुकानात. तेथून ज्याला ते ‘व्हिजिट’ म्हणतात त्या फेऱ्या सुरू होतात. एका पेढीवर टॅलीची माहिती उघडत नाही. एका मागवाल्याचा संगणक वारंवार बंद पडतो. उघडून पाहावे तर सुताच्या बारीक तंतूंनी पंखा गच्च भरलेला. एका गोदामात चिठ्ठ्या छापणारे यंत्र कोऱ्या चिठ्ठ्या ओकते आहे. मधे अंजूरफाट्याची किंवा राजणोलीची वाहतूककोंडी. रात्री घरी यावे, वही उघडावी, तो फोन वाजतो. गोदामात रात्रपाळीची भराई चालू असते. मग स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या पैशाने भरलेल्या इंटरनेटवर, पलीकडच्या माणसाला एकेक कळ सांगत काम उरकायचे. पलीकडचा माणूस हिंदीत बोलतो, पडद्यावरची सूचना इंग्रजीत असते आणि हा मनातल्या मनात मराठीत किंवा उर्दूत विचार करीत असतो. हे कौशल्य साधे नाही. तीन भाषांत एकाच वेळी शांत राहून दुसऱ्याची अडचण समजून घेणे हे कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवले जात नाही.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. फेऱ्यांचे काम त्यांना बहुधा दिलेच जात नाही. दुकानात बसून फोन घेणे, बिले भरणे, तक्रारींची नोंद ठेवणे हे त्यांच्या वाट्याला येते. ज्या फेऱ्यांतून हातात कसब येते आणि पुढे मोठे काम मिळते, त्याच त्यांच्यापासून दूर राहतात. रात्री उशिरा परतण्यासाठी सुरक्षित बस नाही, म्हणून घरचे नको म्हणतात. दोष घराला देऊन हा प्रश्न सुटणार नाही. तो बसचाही प्रश्न आहे.

आता पैशाचा हिशेब. आकड्याहून त्या हिशेबाची रीत महत्त्वाची आहे. काही ठिकाणी महिन्याची ठोक रक्कम असते, काही ठिकाणी फेरीमागे पैसे. फेरीमागे पैसे म्हणजे काय? जाण्यात गेलेला वेळ, मालक येईपर्यंत गोदामाच्या फाटकाशी उभे राहण्यात गेलेला वेळ, वीज येण्याची वाट पाहण्यात गेलेला वेळ, हे सगळे शून्य. रात्री घेतलेले फोन शून्य. पेट्रोल कधी मिळते, कधी ‘पुढच्या महिन्यात बघू’. मित्रहो, हा हिशेब भिवंडीला नवा नाही. यंत्रमागावर कापडाच्या मीटरवर मजुरी देण्याची रीत आपण पाहत आलो. वीज गेली, सूत संपले, माग बिघडला, तर कामगार तेथेच असतो, पण त्याची मजुरी थांबते. धंद्यातली जोखीम मालकाची, असे अर्थशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेले असते. भिवंडीत ती कामगाराच्या खिशातून वसूल होते. बापाच्या मागावरची ही रीत आता मुलाच्या संगणकापर्यंत पोहोचली आहे, एवढेच.

दुसरेही एक साम्य आहे, आणि ते अधिक गंभीर आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. गिरण्यांची धुराडी थंड झाली, पण बाजारातले कापड संपले नाही, कारण ते भिवंडीसारख्या ठिकाणी विणले जात होते. येथे संघटना दुबळी होती आणि कायद्याची पकड सैल होती. सैल कशी? १९४८ च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी दहा कामगारांची मर्यादा होती. म्हणून एकाच छपराखालचे माग वेगवेगळ्या नावांवर, लहान लहान तुकड्यांत दाखविण्याची युक्ती निघाली. कामगार तेवढेच, मालकही बहुधा तोच. पण कागदावर कारखाना नाहीसा झाला आणि कारखान्याबरोबर कामगाराचे हक्कही नाहीसे झाले.

आता आपल्या मुलाचे दुकान पाहा. तेथे तीन-चार मुले काम करतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने कामाच्या तासांची, साप्ताहिक सुटीची, ओळखपत्राची मुख्य बंधने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लावली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्यास आणि रोजचे कामाचे तास नवावरून दहा करण्यास मंजुरी दिली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार कामगार संहिता अमलात आल्या. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र मिळणार, असा त्यांचा गाजावाजा झाला. परंतु नियुक्तिपत्राचे कलम व्यावसायिक सुरक्षा संहितेत आहे, आणि त्या संहितेत आस्थापनेची व्याख्याच मुळी दहा किंवा अधिक कामगारांपासून सुरू होते. म्हणजे ज्याला नियुक्तिपत्राची सर्वांत अधिक गरज आहे, तोच उंबरठ्याबाहेर! कायद्याचा उंबरठा उंच करीत न्यायचा आणि मग आत कोणी येत नाही म्हणून समाधान मानायचे, असा हा प्रकार आहे.

तरीही हात अगदीच रिकामे नाहीत, हे आपण त्या मुलाला सांगितले पाहिजे. २०१९ च्या वेतन संहितेतील किमान वेतनाला कामगारांच्या संख्येची अट नाही. ते वेतन तासाच्या हिशेबानेही ठरविता येते. अर्धा वेळ काम म्हणजे मालकाच्या मर्जीची रक्कम, असे नाही. महिन्याचे वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत दिले पाहिजे. काम सोडले किंवा सोडायला लावले, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पुरा केला पाहिजे. परंतु हे मागायचे तर आपण तेथे काम करतो, याचा पुरावा हवा. तो नसतो. आणि पुरावा नसणे हा काही योगायोग नव्हे.

येथे एक आक्षेप ठरलेला असतो. ‘तो अजून शिकतो आहे, त्याला अनुभव मिळतो आहे, आणखी काय पाहिजे?’ कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव घेऊनही हे सांगितले जाते. म्हणून कर्मवीरांनी काय केले, ते स्पष्ट आठवावे. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली, १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले, आणि ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व तेथे रुजविले. त्या योजनेत श्रमाचे फळ विद्यार्थ्याच्या शिक्षणाकडे वळत होते आणि जबाबदारी संस्थेने उचललेली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. म्हणजे वेळापत्रक विद्यार्थ्याच्या पोटाकडे पाहून ठरले. आज काय दिसते? महाविद्यालय ७५ टक्के हजेरी मागते, दुकान संध्याकाळ मागते, गोदाम रात्र मागते, आणि कोणीच दुसऱ्याकडे पाहत नाही. पहिल्या वर्षी एखादा विषय राहतो, दुसऱ्या वर्षी तीन. तिसऱ्या वर्षी घरात आजारपण आले की अर्धा वेळ पूर्ण वेळ होतो आणि पदवी कायमची मागे पडते. त्याने काम सोडले नाही म्हणून घर चालले, हे खरे. पण चार-पाच वर्षांनी तो त्याच पगाराच्या आसपास घुटमळतो, कारण मोठ्या कंपनीच्या दारात प्रथम पदवीच विचारली जाते. अनुभव मिळाला म्हणता, मग त्या अनुभवाचा एक साधा दाखला तरी त्याच्या हातात का नाही?

नव्या शैक्षणिक धोरणाने प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक देऊ केले आहेत. ही चांगली संधी आहे. परंतु पोटासाठी आधीच जे काम तो करतो, ते मोजायचे नाही आणि श्रेयांकांसाठी आणखी एका ठिकाणी विनावेतन राबायला पाठवायचे, असे झाले तर ती संधी त्याच्यासाठी दुसरे ओझे ठरेल.

दुकानदार हा आपला शत्रू आहे, असे मी म्हणत नाही. तोही पुष्कळदा कालचा असाच मुलगा असतो. मोठी कंपनी गोदामाच्या देखभालीचे वार्षिक कंत्राट एका ठेकेदाराला देते, तो ते पोटकंत्राटाने खाली देतो, आणि साखळीच्या शेवटी हा दुकानदार महिनोन्महिने बिलाची वाट पाहतो. प्रत्येक पायरीवर पैसा झिरपतो आणि जबाबदारी मात्र खाली घसरते. म्हणून केवळ दुकानदाराच्या दारात घोषणा देऊन भागणार नाही. ज्याच्या गोदामात काम होते, त्याच्यापर्यंत हा प्रश्न नेला पाहिजे.

मग कार्यकर्त्यांनी करायचे काय? मी तीन साधी कामे सुचवितो. पहिले, नोंद. प्रत्येक मुलाने एक वही ठेवावी : तारीख, कोठे गेलो, किती वाजता पोहोचलो, केव्हा सुटलो, रात्री किती फोन घेतले, किती पैसे मिळाले. मोबाईलवरील निरोप आणि पैसे जमा झाल्याची नोंद पुसू नये. पुराव्याची सुरुवात तेथून होते. दुसरे, महाविद्यालय. काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी प्राचार्यांपुढे ठेवून त्यांच्यासाठी सकाळचे सलग तास, परीक्षेच्या आधी सुटीचे पत्र आणि केलेल्या कामाचे श्रेयांक यांची मागणी करावी. तिसरे, संघटना. युनियनची कचेरी दिवसा उघडी असेल, तर हा मुलगा तेथे कधीच येऊ शकणार नाही. आठवड्यातून एक रात्र तरी तिचे दार त्याच्यासाठी उघडे असावे. आणि माग कामगार, हमाल व हा संगणकवाला मुलगा यांनी एकाच सतरंजीवर बसावे. गोदामाचे फाटक तिघांनाही एकच आहे.

रविवारची सुटी कोणी दयेने दिली नाही. नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनने वर्षानुवर्षे मागणी केली, तेव्हा १८९० मध्ये गिरणी कामगाराला आठवड्याचा एक दिवस मिळाला. त्यापूर्वी तोही ‘अजून मागण्याइतका मोठा’ झालेला नव्हता, असेच मालक मानीत. आजचा हा विद्यार्थी स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला संकोचतो. त्याला वाटते, हे तात्पुरते आहे. तात्पुरते असेल तर उत्तमच. परंतु आज केलेल्या कामाचा दाम आजच मिळाला पाहिजे आणि उद्याची पदवी त्यापायी बुडता कामा नये. एवढे त्याला पटवून देणे हे या अभ्यासवर्गातून उठून जाणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे.