कार्डं मोजण्याआधी घरातली माणसं मोजा



गणपतीच्या महाप्रसादाची रांग असो, मराठी शाळेबाहेर मुलांची वाट पाहणारे पालक असोत की कुणाकडे दिवाळीचा फराळ असो. अमेरिकेतल्या मराठी माणसांचं घरांच्या किमती आणि ग्रीन कार्डाची तारीख यांवर बोलून झालं, की तिसरा विषय निघतोच: "क्रेडिट कार्डं किती ठेवायची हो?"

यात दोन पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो, एकच पुरे. उधारी म्हणजे वाईट, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यामुळे एक कार्डसुद्धा नाइलाजानं घेतलेलं असतं. दुसऱ्या पक्षाच्या पाकिटात दहा-बारा कार्डं असतात. गॅस भरायला हे, किराण्याला ते, विमानाच्या तिकिटाला तिसरं. दोघंही आपापल्या जागी ठाम. मी सल्लागाराच्या धंद्यातला माणूस, त्यामुळे "ते अवलंबून आहे" हे आमचं ठरलेलं उत्तर. पण आज ते देऊन सुटणार नाही. आकडा सांगणार आहे. फक्त त्याआधी तो कुठून येतो ते पाहू.

सुरुवात स्कोअरपासून करू, कारण बहुतेकांची भीती तिथेच असते. इथे सर्वात जास्त चालणारा फायको स्कोअर ३०० ते ८५० च्या दरम्यान असतो. त्यात साधारण ३५ टक्के वजन बिलं वेळेवर भरण्याला, ३० टक्के तुमच्यावर किती देणं आहे याला, १५ टक्के तुमचा इतिहास किती जुना आहे याला, आणि उरलेले दहा-दहा टक्के नव्या कर्जांना आणि कर्जांच्या प्रकारांना. अमुक इतकी कार्डं हवीत, असा नियम यात कुठेही नाही. संख्येचा परिणाम होतो, पण तो आडवाटेनं.

पहिली आडवाट म्हणजे लिमिटचा वापर. समजा तुमचा महिन्याचा कार्डावरचा खर्च ३,००० डॉलर आहे आणि एकाच कार्डावर ५,००० डॉलरचं लिमिट आहे. म्हणजे वापर ६० टक्के. तेवढ्याच लिमिटचं दुसरं कार्ड आलं आणि खर्च तेवढाच राहिला, तर वापर ३० टक्क्यांवर येतो. एक पैसाही जास्त न भरता चित्र सुधारलं. आणि इथे एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. बँक साधारणपणे स्टेटमेंट तयार होतं त्या दिवसाची बाकी क्रेडिट ब्युरोला कळवते. म्हणजे तुम्ही दर महिन्याला पै न पै भरत असलात, तरी अहवालात ६० टक्के वापर दिसू शकतो. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असं सांगतात. त्याहून कमी असेल तर आणखी चांगलं.

दुसरी आडवाट नव्या अर्जाची. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात दोन वर्षं दिसते आणि फायको ती एक वर्ष मोजतो. एका अर्जानं आभाळ कोसळत नाही. पण तीन महिन्यांत चार अर्ज केले, तर समोरच्याला वाटतं, या माणसाला एकदम पैशाची एवढी गरज का पडली? घराचं कर्ज घ्यायचा विचार असेल, तर आधीचे सहा-आठ महिने नव्या कार्डाच्या वाटेला जाऊच नका.

तिसरी गोष्ट जुन्या कार्डाची. कार्ड बंद केलं की त्याचा इतिहास पुसला जातो, हा समज चुकीचा आहे. नीट वागवलेलं खातं बंद केल्यावरही अहवालात दहा वर्षांपर्यंत राहू शकतं. पण त्याचं लिमिट मात्र तुमच्या बेरजेतून लगेच जातं आणि वापराची टक्केवारी वर उडी मारते. म्हणून वर्षाची फी नसलेलं जुनं कार्ड बंद करू नये. त्यावर नेटफ्लिक्ससारखं एखादं छोटं बिल लावून ठेवावं, म्हणजे कार्ड पडून राहिलं म्हणून बँक ते स्वतःहून बंद करत नाही. आणि फी असलेलं कार्ड नको झालं, तर बँकेला फोन करून विचारा, हेच खातं बिनफीच्या कार्डात बदलून मिळेल का? बरेचदा मिळतं.

आता खर्चाची बाजू. आमच्या आयटीत प्रत्येक नव्या सर्व्हरबरोबर त्याची देखभाल येते. तसंच प्रत्येक कार्डाबरोबर एक पासवर्ड येतो, एक देय तारीख येते, एक संपण्याची तारीख येते, आणि चोरीला जाऊ शकेल असा एक नंबर येतो. २००९ च्या कार्ड कायद्यामुळे देय तारीख दर महिन्याला तीच राहते आणि बिल त्याआधी किमान २१ दिवस पाठवावं लागतं. तरी बारा कार्डं म्हणजे बारा तारखाच. आणि एखादं बिल तीस दिवस राहून गेलं, तर तो डाग अहवालावर सात वर्षं राहतो. त्यामुळे माझ्या मते खरी मर्यादा तुमच्या लक्ष ठेवण्याच्या ताकदीची आहे. प्रत्येक कार्डाला ऑटोपे लावा, आणि लावताना 'पूर्ण स्टेटमेंट बाकी' निवडा, 'किमान रक्कम' नको. ५,००० डॉलरची बाकी २२ टक्के दरानं मागे राहिली, तर महिन्याचं व्याजच सुमारे ९२ डॉलर होतं. बक्षिसाचे पॉइंट जमवून ते भरून निघत नाही. ज्यांच्या डोक्यावर सध्या बाकी आहे, त्यांच्यासाठी "आणखी किती कार्डं" हा प्रश्नच नाही. आधी ती बाकी फेडायची.

फीचा हिशेब तर चौथीतल्या गणितासारखा आहे. समजा एक बिनफीचं कार्ड सगळ्यावर २ टक्के परत देतं. दुसरं किराण्यावर ४ टक्के देतं, पण वर्षाला ९५ डॉलर घेतं. जास्तीचे मिळाले २ टक्के. म्हणजे फी वसूल व्हायला वर्षाला ४,७५० डॉलरचा, महिन्याला जवळपास ४०० डॉलरचा किराणा हवा. आणि किराणा म्हणजे बँकेच्या लेखी किराणा. कॉस्टको आणि वॉलमार्ट बहुतेक कार्डांच्या हिशेबात सुपरमार्केट धरले जात नाहीत. अर्धा किराणा तिथूनच आणणाऱ्या मराठी घरात हे गणित बरेचदा गडगडतं.

इथपर्यंतचं तुमच्यापैकी पुष्कळांना थोडंफार माहीत असेल. आता ज्यासाठी आज बोलायला बसलो, ते सांगतो.

"आमच्याकडे चार कार्डं आहेत," असं कुणी म्हणालं, की मी विचारतो, कुणाच्या नावावर? थोडा वेळ शांतता. मग उत्तर येतं, "नावावर माझ्याच आहेत, हिच्याकडे जास्तीचं कार्ड आहे ना." त्या जास्तीच्या कार्डावर बायकोचं नाव छापलेलं असतं, ती ते रोज वापरते, त्यामुळे दोघांनाही वाटतं की ते तिचं आहे. ते तिचं नसतं. ती त्या खात्याची 'ऑथराइज्ड युजर' असते. खातं नवऱ्याचं. तो तिला कधीही काढू शकतो, बँक त्याचं खातं बंद करू शकते, आणि ती स्वतः लिमिट वाढवून मागू शकत नाही. काही घरांत हेच उलटं असतं. तिची नोकरी, तो डिपेंडंट व्हिसावर. प्रश्न तोच.

अभद्र बोलू नये म्हणतात, पण बँका शकुन-अपशकुन पाळत नाहीत. खातेदार गेला, तर त्या खात्यावरचं जास्तीचं कार्ड वापरता येत नाही. ज्या आठवड्यात मुंबईचं तातडीचं तिकीट काढायचं असतं, नेमकं त्याच आठवड्यात. आणि इतकं टोकाचं काही नको. वेगळं राहायची वेळ आली, स्वतःच्या नावानं अपार्टमेंट घ्यायचं झालं, गाडीचं कर्ज हवं झालं, तर घरमालक आणि बँक तिच्या नावाचा अहवाल मागवतात. जास्तीच्या कार्डाचा इतिहास त्यात दिसतो, त्याची थोडी मदतही होते. पण स्वतःचं एकही खातं नसलेला अहवाल तोलायला हलकाच असतो. क्रेडिटचा इतिहास कुटुंबाचा नसतो, एकेका माणसाचा असतो. या देशात लग्नामुळे स्कोअर एकत्र होत नाहीत.

हा हक्क इथल्या बायकांनाही सहज मिळालेला नाही. १९७४ साली समान पतसंधीचा कायदा झाला. त्याआधी बाईला कर्ज नाकारणं, किंवा तिच्याकडे नवऱ्याची सही मागणं, बँकांना खुशाल चालत असे. आणि २०१३ पासून नियम असा आहे, की अर्जदार २१ वर्षांचा किंवा मोठा असेल, तर स्वतःची नोकरी नसली तरी घरातल्या ज्या उत्पन्नावर त्याचा रास्त भरवसा आहे, ते अर्जात दाखवता येतं. जोडीदाराचा पगार संयुक्त खात्यात जमा होतो आणि तुम्ही तो वापरता, तर तो लिहिता येतो. म्हणजे "मला पगार नाही, मला कोण कार्ड देणार?" हे कारण राहिलेलं नाही.

एच-४ व्हिसावर कामाची परवानगी नसेल, तर सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, हे खरं. पण काही बँका आयटीआयएनवरही अर्ज घेतात. अर्ज करण्याआधी फोन करून विचारा, म्हणजे चौकशी वाया जात नाही. तेही जमलं नाही तर सिक्युअर्ड कार्ड आहे. दोन-तीनशे डॉलर ठेव म्हणून ठेवायचे, बहुधा तेवढंच लिमिट मिळतं. पहिल्या खात्याला सहा महिने झाले, की फायको स्कोअर तयार होऊ शकतो. नुकतेच भारतातून आला असाल, तर हीच वाट दोघांनीही धरा. तिथला सिबिल स्कोअर इथे आपोआप चालत नाही.

तर आता आकडा. घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाच्या स्वतःच्या नावावर दोन कार्डं, दोन वेगळ्या बँकांची. दोन अशासाठी, की एक नंबर चोरीला जाऊन कार्ड गोठलं, तर दुसरं हाताशी हवं. शक्यतो एक व्हिसा असावं, कारण इथल्या कॉस्टकोत क्रेडिट कार्ड फक्त व्हिसाचं चालतं. आणि एक तरी परदेशी व्यवहार फी न लावणारं असावं. ही फी बरेचदा ३ टक्के असते. लक्ष्मी रोडवर २,००० डॉलरची लग्नाची खरेदी केलीत, तर ६० डॉलर उगीच जातात. तिसरं कार्ड घ्या, पण त्याचं कारण एका वाक्यात सांगता आलं तरच. चौथ्यापासून पुढे हा छंद आहे. छंदाला माझा विरोध नाही, पण त्याला छंदच म्हणावं, बचत म्हणू नये.

मुलांचं काय? कॉलेजला जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला तुमच्या जुन्या, नियमित भरलेल्या कार्डावर जास्तीचं कार्ड द्यायला हरकत नाही. बिल तुमचंच राहील हे मात्र लक्षात ठेवा. एकवीस वर्षांखालच्यांना स्वतःचं कार्ड हवं असेल, तर स्वतःचं उत्पन्न किंवा सहस्वाक्षरी करणारं कुणीतरी लागतं. कॅम्पसवर नोकरी लागली, की एक साधं बिनफीचं स्वतःचं कार्ड, आणि पहिलं बिल त्यांनी स्वतः वाचायचं.

शेवटी एक गृहपाठ. येत्या रविवारी चहा झाल्यावर दोघं बसा आणि वहीत एक तक्ता काढा. कार्ड, कुणाच्या नावावर, लिमिट, वर्षाची फी, देय तारीख, ऑटोपे आहे की नाही. मग ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट या सरकारमान्य संकेतस्थळावर जाऊन तीनही ब्युरोंचे, म्हणजे इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियनचे अहवाल काढा. ते दर आठवड्याला मोफत मिळतात. दोघांचे वेगवेगळे काढा. आणि तक्त्यातला 'कुणाच्या नावावर' हा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. तिथे एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर पुढचं कार्ड कुणाच्या नावावर घ्यायचं, हे ठरवायला कुठल्याही सल्लागाराची गरज नाही.