समाजभय आणि मद्यासक्ती : एका गाठीची दोन टोके

(व्यसनमुक्तीविषयक व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



मद्यपी म्हटला की एक ठरावीक चित्र डोळ्यांसमोर उभे राहते : आरडाओरडा करणारा, चारचौघांत तमाशा मांडणारा, लाज सोडलेला मनुष्य. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, तो नेमका याच्या उलट आहे. त्याला लाज अतोनात आहे. सभेत उभे राहून स्वतःचे नाव सांगायचे तरी त्याच्या तळहातांना घाम सुटतो, आवाज कापतो. पंक्तीत सगळे आपल्याकडेच पाहत आहेत, या कल्पनेने घास घशाखाली उतरत नाही. मनोविकारशास्त्रात याला ‘सोशल अँग्झायटी’ म्हणतात. आपण समाजभय म्हणू. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली केलेल्या वर्गीकरणात या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. आपल्याकडे मात्र तो अजूनही ‘भिडस्त स्वभाव’ या नावाखाली खपून जातो. ‘आमचा मुलगा वर मान करून बोलत नाही हो,’ असे आई कौतुकानेच सांगते.

हाच मुलगा पुढे कधीतरी मित्राच्या वरातीत पहिला पेला घेतो आणि आयुष्यात प्रथमच नाचतो. त्याला वाटते, औषध सापडले! ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या चळवळीचे एक संस्थापक बिल विल्सन यांची कथा याहून वेगळी नाही. १९१७ साली, तरुण लष्करी अधिकारी असताना, अमेरिकेतील न्यू बेडफर्ड येथे एका मेजवानीत ते अवघडून उभे होते. पहिल्या पेल्याने आपल्या व इतरांच्या मधली भिंत नाहीशी झाली, असे त्यांना वाटले. पुढची सतरा वर्षे त्या भिंतीखाली ते स्वतःच गाडले गेले.

कारण हे औषध उसनवारीचे आहे. मद्याचा अंमल उतरला की दबलेली मज्जासंस्था उसळी घेते. धडधड, कंप, अस्वस्थता पूर्वीपेक्षा वाढते. सकाळी चहाचा कप हातात थरथरतो, तो थरथरताना कोणी पाहील हीच तर त्याची मूळ भीती. म्हणून तो चहापूर्वीच थोडी घेतो. भीती दारूला बोलावते आणि दारू भीतीला पोसते.

मग उपचार आधी कशावर करावा? ‘आधी दारू सोड, बाकीचे मागाहून पाहू,’ ही जुनी रीत. पण ज्याची कुबडी काढून घेतली, त्याचा पाय तसाच अधू ठेवला, तर तो पुन्हा कुबडीच शोधणार. याउलट ‘भीती गेली की दारू आपोआप सुटेल,’ असेही पुष्कळांना वाटते. अमेरिकेतील चार्ल्सटन येथील संशोधकांनी २००८ मध्ये ४२ जणांवरील सोळा आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पॅरोक्सेटीन या औषधाने समाजभय निश्चित कमी झाले. मद्यपान मात्र तेवढेच राहिले. सवयीला स्वतःची मुळे फुटलेली असतात.

तर मग दोन्ही उपचार एकदम करावेत! याच चमूने २००१ मध्ये ९३ जणांचा अभ्यास मांडला होता. अपेक्षेविरुद्ध, दोन्ही उपचार घेतलेल्यांचे मद्यपान केवळ मद्याचा उपचार घेतलेल्यांपेक्षा अधिक आढळले. एक शक्यता अशी की, भीतीला सामोरे जाण्याचे धडे सुरू झाले आणि तो ताण सोसण्यासाठी माणसांनी ओळखीचाच आधार घेतला. म्हणजे दोन गोळ्या शेजारी ठेवल्याने काम भागत नाही. धरायची ती मधली गाठ, म्हणजे ‘लोकांपुढे जायचे म्हणून घ्यायची’ हा संबंध. मिनेसोटातील संशोधकांनी २०१३ मध्ये निवासी उपचार घेणाऱ्या, चिंताविकार असलेल्या ३४४ जणांत नेमका हा दुवा तोडण्याचे प्रशिक्षण दिले. केवळ शिथिलीकरण शिकलेल्यांपेक्षा चार महिन्यांनंतर त्यांची स्थिती चांगली होती.

व्यवहारात याचा अर्थ काय? वैद्याने पहिला प्रश्न विचारावा तो दारूचा नव्हे, शाळेचा. फळ्यापाशी जायची भीती वाटे का? समाजभय बहुधा किशोरवयातच सुरू होते. ते पेल्याच्या आधीचे असेल, तर दारू सुटल्यावर ते आपोआप जाणार नाही. नंतर लहान पायऱ्या : दुकानदाराशी दोन वाक्ये, मग नात्यातले एक बारसे, न पिता, ‘घेत नाही’ हे शब्द घरी मोठ्याने म्हणून सराव. झटपट शांत करणाऱ्या गोळ्यांबाबत सावध असावे. त्यांचीही सवय जडते आणि मद्यासोबत त्या जिवावर बेतू शकतात.

आणखी एक अडचण फारशी बोलली जात नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत काय किंवा ए.ए.च्या सभांत काय, समूह हाच मोठा आधार असतो. पण समूहाचीच ज्याला धास्ती, त्याने तिथे पाऊल कसे टाकावे? पहिल्या दिवशी कोणीतरी सोबत न्यावे, दाराजवळची खुर्ची द्यावी, बोलण्याचा आग्रह करू नये. तो आपल्या वेळेने बोलेल.

आता घरच्यांसाठी. आपल्याकडे नातेवाईक जमवून, मधोमध बसवून, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात. हेतू चांगला असेल. पण समाजभयाने पछाडलेल्यासाठी याहून क्रूर शिक्षा मला सुचत नाही. त्या बैठकीतून उठून तो कुठे जातो, हे सांगायला नको. बोलायचे ते एकाने, एकांतात, सकाळी. आपल्यातले अनेक कार्यकर्ते संपर्कासाठी घरोघरी जातात. आतल्या खोलीतून बाहेर न येणाऱ्या माणसाची चौकशी त्यांनी हलक्या आवाजात करावी.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) मद्यविकार असलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के लोक उपचारांपासून दूर होते. ज्यांना दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात बसण्याचीही भीती, ते त्यात किती असतील! त्यांच्यासाठी २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा आहे; चेहरा न दाखवता मराठीत बोलता येते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नका. दोन-तीन दिवसांत झटके किंवा भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. ते पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत, आणि भीतीची गोष्ट त्याच भेटीत डॉक्टरांच्या कानावर घालावी. तो स्वतः सांगणार नाही.