हाताचा वेळ



औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील फिटरचा वर्ग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. निदेशक फळ्यावर व्हर्निअर कॅलिपरची आकृती काढतात, प्रशिक्षणार्थी ती वहीत उतरवून घेतात आणि हाती कानस येईपर्यंत बराच वेळ सरलेला असतो. व्यवसायशिक्षणात सर्वांत मोलाचा असतो तो हाताचा वेळ. आणि नेमका तोच आपण लेखनात घालवितो.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी २००७ साली आपले पाठ ध्वनिचित्रमुद्रित करण्यास प्रारंभ केला, तो गैरहजर विद्यार्थ्यांसाठी. पुढे त्यांनी क्रमच उलटविला : विवेचन घरी पाहावयाचे आणि वर्गात एकत्र येऊन काम करावयाचे. यालाच 'फ्लिप्ड क्लासरूम', म्हणजे उलटविलेला वर्ग, असे म्हणतात.

मार्च २०२० मध्ये आपल्या संस्था बंद झाल्या, तेव्हा पुष्कळ ठिकाणी फळाच तेवढा पडद्यावर गेला. क्रम मात्र उलटला नाही. तो उलटावयाचा कसा, हे एका उदाहरणाने पाहू. व्हर्निअरच्या वाचनावरील दहा मिनिटांची फीत आदल्या दिवशी पाठवावी. सोबत तीन चित्रे देऊन त्यांवरील मापे लिहून मागवावीत. प्रत्यक्ष भेटीत व्याख्यान नको. चुकलेले उत्तर पुढे घ्यावे. वाचन २४.३६ मिलिमीटर आले आणि उपकरणात ०.०४ ची धन शून्यत्रुटी असेल, तर खरे माप २४.३२ होय. ही वजाबाकी कोण विसरला आणि का विसरला, याची उकल हाच त्या तासाचा खरा पाठ.

परंतु पडद्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. कानस समतल चालते की डोलते, हे हाताला लोखंडावरच कळते. विजेच्या चालू जोडणीचे काम तर घरी एकट्याने करावयास सांगणे म्हणजे जिवाशी खेळ होय. म्हणून घरच्या अभ्यासाने वाचलेला वेळ कर्मशाळेतच खर्ची पडला पाहिजे. कर्मशाळेचे दिवस कमी करण्यासाठी ही पद्धती कोणी पुढे करू नये.

दुसरा प्रश्न साधनांचा. ज्या घरी एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरच्या मुलीने फीत केव्हा पाहावी? १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन पोहोचले, ते सामुदायिक संचांवर; घरोघरी संच असण्याची वाट कोणी पाहिली नव्हती. त्याच न्यायाने संस्थेतील एक खोली सकाळी तासभर आधी उघडावी, छापील टिपणही द्यावे. तसे न केल्यास मागे राहिलेल्याला आपण आळशी ठरवू, आणि तो दोष त्याचा नसेल.

मित्रहो, पाठ कोणीही मुद्रित करू शकेल. प्रशिक्षणार्थ्याची चूक ओळखून तिचे मूळ त्याला दाखविणे, हे काम मात्र निदेशकाचेच आहे. त्यासाठी त्याला वेळ मिळावा, एवढेच या पद्धतीचे प्रयोजन.