सडा कधी पाहिला?



राधानगरी, शाहूवाडी, चंदगडच्या सड्यांच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारांच्या, पोटात बॉक्साइट आहे. तिथं नवी खाण काढायची, तर 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. मोठ्या प्रकल्पाची फाइल दिल्लीला जाते, लहानाची राज्याच्या प्राधिकरणाकडे. अभ्यास कशाकशाचा करायचा, हे सरकार ठरवून देतं. अहवाल मात्र कंपनीनं नेमलेली सल्लागार संस्था लिहिते. संस्था मान्यताप्राप्त असावी लागते हे खरं, पण तिचं बिल कंपनीच भागवते.

मला बोलायचंय ते हंगामाबद्दल. खाणीच्या अहवालाला साधारणपणे एकाच हंगामाची पाहणी पुरते, आणि तीही पावसाळा सोडून. धुळीपुरतं हे ठीक आहे. पावसात हवा धुऊन निघते, तेव्हा मोजून काय हाती लागणार? पण तीच अट झाडाझुडपांना आणि जीवजंतूंनाही लागू होते. आता आपला सडा मे महिन्यात पाहिला तर काय दिसणार? तापलेला जांभा आणि करपलेलं गवत. 'पडीक' असा शेरा मारायला एवढं पुरे. तोच सडा भाद्रपदात बघा. बोटभर पाण्यात सीतेची आसवं निळी-जांभळी फुललेली असतात. दिसायला नाजूक, पण खाली इवल्या पिशव्यांत पाण्यातले बारीक जीव पकडून खाणारी! शेजारी गेंदाची पांढरी बोंडं, दगडाआड बेडकं. आणि तेच पाणी जांभ्यातून झिरपत खालच्या वाडीच्या झऱ्याला जातं.

हे सांगायची जागा म्हणजे जनसुनावणी. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात. वर्तमानपत्रात किमान 30 दिवस आधी नोटीस येते. नव्या अधिसूचनेच्या 2020 च्या मसुद्यात हे दिवस 20 वर आणायचा घाट होता! अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत बघायला मिळतो.

तिथं मतदान नसतं. विरोधाचे हात जास्त म्हणून प्रकल्प रद्द होत नाही. मात्र मांडलेल्या मुद्द्यांची दखल कंपनीला अंतिम अहवालात घ्यावीच लागते. तेव्हा नुसत्या घोषणा देऊ नका. अमक्या गट नंबरातला झरा अहवालात का नाही, पावसाळ्यातली पाहणी कुठं आहे, असं नेमकं विचारा. लेखी द्या, पोच घ्या. शेवटी इतिवृत्त मराठीत समजावून सांगतात. आपला मुद्दा त्यात नसेल, तर सही व्हायच्या आधीच उठून सांगा. त्या दिवशी शेवटची एस.टी. चुकली तरी चालेल.