होशरुबेच्या राण्या

लखनौचे नाव निघाले की मराठी माणसाला प्रथम आठवतात ते पंडित विष्णु नारायण भातखंडे आणि त्यांच्या प्रयत्नांनी १९२६ साली तेथे निघालेले संगीत महाविद्यालय. त्यामागून नवाब, इमामवाडे, अत्तर आणि अदब ही सारी मंडळी आठवणीत येतात. परंतु या नगरीने भारतीय वाङ्मयाला आणखी एक देणगी दिली आहे आणि तिची वार्ता आपल्याकडे फारशी पोचलेली नाही. ती देणगी म्हणजे अद्भुतरम्य कथेतील स्वतंत्र वृत्तीची नायिका. कोणी येऊन सोडवील म्हणून वाट पाहत न बसणारी, आणि प्रसंगी स्वतःच नायकाला सोडवून आणणारी.

मुनशी नवलकिशोर यांनी १८५८ साली लखनौस छापखाना काढला. कुराण आणि पुराण यांची छपाई तेथे शेजारी शेजारी चाले. याच छापखान्यातून १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ हा प्रचंड ग्रंथ बाहेर पडू लागला. मुहम्मद हुसेन जाह यांनी त्याचे पहिले चार खंड रचले आणि पुढील खंड अहमद हुसेन कमर यांनी. सात खंडांची एकूण पृष्ठे आठ हजारांच्या घरात जातात. लखनौच्या चौकात, अफूच्या बैठकींत आणि रईसांच्या दिवाणखान्यांत रात्र-रात्र चालणारी दास्तान अशा रीतीने कागदावर उतरली. बालवयात या दास्तानी आधाशीपणाने वाचणाऱ्यांत पुढे प्रेमचंद म्हणून प्रसिद्धीस आलेला एक मुलगाही होता.

तिलिस्म म्हणजे मायेने रचलेली सृष्टी. होशरुबेचा सम्राट अफ्रासियाब हा जादूगारांचा राजा. त्याचे राज्य जिंकण्यासाठी अमीर हमजाचा नातू असद निघतो. आता आपली अपेक्षा अशी की, पुढचे सारे पराक्रम या राजपुत्राने करावेत. परंतु तो शत्रूच्या कैदेत पडतो आणि बंडखोरांच्या सैन्याची सूत्रे महरुख नावाची एक प्रौढ जादूगारीण हाती घेते. ती छावणी उभारते, मसलती करते, पराभव झाला तर पुन्हा सैन्याची जुळवाजुळव करते. तिच्या जोडीला येते बहार. ही प्रत्यक्ष सम्राज्ञी हैरतची बहीण. तरीही ती सम्राटाचा पक्ष सोडून बंडखोरांना मिळते. बहारचे शस्त्र म्हणजे फुलांचा गुच्छ. तो तिने फेकला की रणांगणावर वसंतऋतू अवतरतो आणि शत्रूचे सैनिक तलवारी टाकून, वेड लागल्यासारखे, तिच्या नावाने कविता म्हणत फिरू लागतात.

याहूनही मनोवेधक आहेत त्या ऐयार स्त्रिया. ऐयार म्हणजे हेर, बहुरूपी आणि योद्धा यांचे मिश्रण; जादूचा लवलेश जवळ नसताना केवळ बुद्धी आणि चापल्य यांच्या बळावर जादूगारांना लोळविणारा. हमजाच्या पक्षाकडे अमर हा ऐयारांचा शिरोमणी, तर अफ्रासियाबाच्या पक्षाकडे पाच तरुणी. त्यांची नावेच त्यांच्या विद्या सांगतात. सरसर शमशीरजन म्हणजे तलवार चालविणारी झंझावात. सबारफ्तार म्हणजे पहाटवाऱ्याच्या वेगाची. शमीमा नकबजन भुयार खणण्यात निष्णात, सनोबर कमंदअंदाज दोराचा फास टाकण्यात, आणि तेजनिगाह खंजिर चालविण्यात. अमर आणि सरसर परस्परांना फसवितात, बेशुद्ध करतात, वेष पालटून एकमेकांच्या छावणीत शिरतात. अमरचे तिच्यावर मन जडले आहे. परंतु म्हणून सरसर आपल्या कामात कसूर करीत नाही. प्रेम आणि कर्तव्य यांचा झगडा आपण नायकांच्या बाबतीत पुष्कळ वाचला आहे. येथे तो एका स्त्रीच्या वाट्यास आला आहे आणि ती तो हसतमुखाने निभावते.

हे सारे जादूचे खेळ, यांचा वास्तवाशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्याला उत्तर लखनौच्या इतिहासातच आहे. १८५७ च्या धामधुमीत आपल्या अल्पवयी मुलाला गादीवर बसवून कंपनी सरकारशी लढा देणारी बेगम हजरत महल १८७९ साली नेपाळात निवर्तली. त्यानंतर चारच वर्षांनी होशरुबेचा पहिला खंड निघाला. ज्यांच्या घरांतून झाशीच्या राणीच्या आठवणी सांगितल्या जात, त्या आपल्या आजोबा-पणजोबांप्रमाणेच लखनौच्या श्रोत्यांनाही सैन्य चालविणारी स्त्री ही निव्वळ कपोलकल्पित वाटण्याचे कारण नव्हते.

मात्र त्याच काळी एक दुसरा प्रवाहही वाहत होता. नजीर अहमद यांनी १८६९ साली ‘मिरात-उल-उरूस’ लिहून असगरी नावाची आदर्श गृहिणी उभी केली. ती शहाणी, हिशेबी, शिकलेली. परंतु तिच्या शहाणपणाची सीमा घराच्या उंबरठ्यापाशी संपते. आपल्याकडच्या ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ या कादंबऱ्यांतील नायिकांचा मोठेपणाही मुख्यतः संकटे सोसण्यात आहे. सुधारणेने स्त्रीच्या हाती पुस्तक दिले ही गोष्ट थोर खरीच. पण तिच्या हातची तलवार मात्र काढून घेतली.

१८९९ साली लखनौमध्ये या दोन प्रवाहांचा जणू संगम झाला. अब्दुल हलीम शरर यांची ‘फिरदौस-ए-बरीं’ आणि मिर्झा हादी रुसवा यांची ‘उमराव जान अदा’ या दोन कादंबऱ्यांचे साल हेच. शररांची जुमुर्रुद हश्शाशीन पंथाच्या बनावट स्वर्गात बंदिवान आहे. तिचा प्रियकर त्या स्वर्गाला भुलतो आणि एका कपटी गुरूच्या सांगण्यावरून खूनही करतो. जुमुर्रुद मात्र भुलत नाही. ती गुप्त पत्रे लिहिते, बलगान खातून या मोगल राजकन्येला साहाय्यास बोलावते आणि तो खोटा स्वर्ग धुळीस मिळविते. पडदापद्धतीवर टीका करणाऱ्या लेखकाची ही नायिका आहे, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

उमरावची कथा याहून कठोर. फैजाबादच्या अमीरनला लहानपणी पळवून आणून लखनौच्या चौकातील खानमच्या कोठ्यावर विकण्यात येते. तिच्यासवे पळविलेली रामदेई योगायोगाने एका बड्या घरी पोचते आणि पुढे नवाबाची बेगम होते. दोघींच्या गुणांत फरक नव्हता; विकत घेणारा हात तेवढा निराळा होता. रुसवा हे सांगतात आणि भाष्य न करता पुढे जातात. उमराव कोठ्यावर लिहायला-वाचायला शिकते, काव्य रचते, एका दरोडेखोरासवे लखनौ सोडून जाण्याचे धाडस करते, कानपुरात एकटी बिऱ्हाड थाटते. पुढे फैजाबादला ती पोटासाठी आपल्याच घरासमोर गायला बसते. आई तिला ओळखते, दोघी गळ्यात पडून रडतात. दुसऱ्या दिवशी भाऊ सुरी घेऊन येतो. तिला मारणे त्याच्याने होत नाही, पण गाव सोडून जा असे तो बजावतो. उत्तरायुष्यात ही स्त्री पुस्तकांच्या संगतीत एकटी राहते आणि आपले चरित्र आपल्याच शब्दांत सांगते.

श्रोतेहो, सरसरला जे स्वातंत्र्य लाभले त्याची किंमत कोणी मागितली नाही, कारण ती मायासृष्टीत राहत होती. उमराव खऱ्या लखनौत राहत होती. तिला ती किंमत घराच्या रूपाने मोजावी लागली. दास्तान सांगणारे पुरुष होते, ऐकणारेही बहुतेक पुरुषच होते. त्यांनी महरुखच्या सेनापतित्वाला मोकळ्या मनाने वाहवा दिली. परंतु त्यांतील कितीकांनी आपल्या घरच्या महरुखला ओसरीवर येऊ दिले असते? साहसकथेतील स्वतंत्र नायिका आपल्याला आवडते, कारण पुस्तक मिटले की ती निघून जाते. तिच्यावरील आपल्या प्रेमाची खरी कसोटी लागते ती पुस्तक मिटल्यावर, जेव्हा तशीच एखादी मुलगी आपल्याच दारात उभी राहून घरात येऊ का म्हणून विचारते.