पिंपातला धूर आणि ११० अंश

नागालँडच्या घरांत चुलीवर टांगलेलं डुकराचं मांस आठवडाभरसुद्धा धूर खात राहतं. जाळ किती ठेवायचा ते घरातल्या जाणत्या माणसाला कळतं. घरी बनवलेल्या विजेच्या स्मोकरमध्ये ही राखण एका छोट्या कंट्रोलरकडे असते.

सामान फार नाही. स्टीलचं पिंप, आत जाळी, तळाशी दीड हजार वॅटची कॉइल, तिच्यावर लोखंडी तवा आणि तव्यात आंब्याच्या किंवा पेरूच्या वाळलेल्या ढलप्या. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नको, तो फार तापला की विषारी वाफा निघतात. प्लायवूड आणि रंगवलेलं लाकूडही नकोच. झाकणाला भोक ठेवा. पातळ, निळसर धूर चांगला. दाट पांढरा धूर आत कोंडला की मांस कडू होतं. आणि हे सगळं अंगणात, उघड्यावर. खोलीत नाही.

खरी मेख तापमानात आहे. आत ११० अंश सेल्सिअस हवेत, तेही तासन् तास. इस्त्रीतला साधा थर्मोस्टॅट लावला, तर तो ११० ला वीज तोडतो. पण कॉइल अजून लालच असते, त्यामुळे हवा तापतच राहते. तापमान बरंच वर जातं, मग तितकंच खाली.

इथे कामाला येतो पीआयडी कंट्रोलर. या पद्धतीचं गणित निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये मांडलं, जहाजाचं सुकाणू आपोआप चालावं म्हणून. मुरलेला सुकाण्या जहाज किती भरकटलंय एवढंच पाहत नाही. किती वेळ भरकटतंय आणि किती वेगाने वळतंय, हेही बघतो. कंट्रोलर तेच करतो. तापमान झपाट्याने चढताना दिसलं, की शंभरच्या आतच तो हात आखडता घेतो. थर्मोकपल त्याला तापमान कळवतं आणि सॉलिड स्टेट रिले त्याच्या सांगण्यावरून कॉइलची वीज क्षणाक्षणाला जोडतो, तोडतो.

पण यातून एक गमतीदार अडचण उभी राहते. पिंपाला उष्णतारोधक वेष्टण चांगलं असलं, तर ११० अंश टिकवायला कॉइल जेमतेमच चालावी लागते. ढलप्यांना मात्र धुमसायला दोनशे-तीनशे अंश लागतात. म्हणजे तापमान अचूक आणि धूर गायब! म्हणून ढलप्यांसाठी वेगळी छोटी शेगडी ठेवावी, हे माझं मत.

डुकराच्या खांद्याचा मोठा तुकडा लावलात, तर आतलं तापमान सत्तरच्या आसपास येऊन अडून बसतं. कधी दोन तास, कधी जास्त. कंट्रोलर बिघडलेला नसतो. मांसाच्या पृष्ठभागावरून ओल उडते आणि जितकी उष्णता मिळते तितकी ती घेऊन जाते. घाम अंग गार ठेवतो, तसंच. तेव्हा कंट्रोलरचा आकडा वाढवायचा मोह टाळा.

आता विजेचं. दीड हजार वॅट म्हणजे २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर. रिले स्वतःही तापतो, त्याला अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक हवाच. पिंपाला अर्थिंग करा आणि जोडणी जाणकार वायरमनकडून तपासून घ्या. हा रिले जळाला, की बहुधा चालू अवस्थेतच अडकतो. मग कंट्रोलरने कितीही तोडायला सांगितलं तरी कॉइल पेटलेलीच. म्हणून कॉइलच्या वायरीत दीडशे अंशांच्या आसपास तुटणारा, दहा अँपिअरचा थर्मल फ्यूज घाला. तो पिंपात वरच्या बाजूला बसवा, म्हणजे कॉइलची थेट धग त्याला लागणार नाही.