दोन प्रोग्रामांचा संवाद

धाराशिव जिल्ह्याची ख्याती आजवर अवर्षणाची. पाण्याची वाट पाहण्यातच जेथे पिढ्या गेल्या, तेथे पाण्यापासून पळावे लागेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात परंडा व भूम ह्या तालुक्यांत अशी अतिवृष्टी झाली की, नदीकाठच्या वस्त्या पाण्याने वेढल्या आणि अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. अशा वेळी तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत सर्वांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: धरणातून अमुक इतके पाणी सोडले, तर ते कोणत्या वस्तीत, किती वाजता आणि किती उंच चढेल?

ह्या प्रश्नाचे उत्तर काढणारे प्रोग्राम आहेत; अमेरिकन सैन्याच्या अभियंत्यांनी तयार केलेला ‘हेक-रास’ हा त्यांपैकी प्रसिद्ध होय. परंतु त्यांचे उत्तर आकड्यांच्या कोष्टकांत आणि नकाशांवरील छटांत येते. ते वाचण्याची सवय अभियंत्याला असते. सरपंचाला असतेच असे नाही. त्याला दिसावयास हवी स्वतःच्या गावची शाळा, मारुतीचा पार, आणि त्या पाराच्या तिसऱ्या पायरीला लागलेले पाणी. असे चित्र क्षणोक्षणी रंगविण्याचे काम गेम इंजिन उत्तम करते. २००५ साली बाजारात आलेले युनिटी, त्याच्याही आधीचे अनरील किंवा विनामूल्य मिळणारे गोडो ही इंजिने जन्मली खेळांसाठी; परंतु चित्र रंगविणाऱ्याला चित्रातले पाणी खेळातले आहे की सीनेचे आहे, ह्याचे सोयरसुतक नसते. तेव्हा हिशेब एकाने करावा आणि चित्र दुसऱ्याने काढावे, हा मार्ग साहजिकच सुचतो.

अडचण अशी की, हे दोघे एकाच संगणकात राहत असूनही एकमेकांस ओळखत नाहीत. प्रत्येक प्रोग्रामाला स्मृतीचा स्वतंत्र भाग नेमून दिलेला असतो आणि एकाने दुसऱ्याच्या भागात डोकावू नये असा संगणकाचा कडक दंडक असतो. एका वाड्यात दोन बिऱ्हाडे राहावीत आणि मधली भिंत पक्की असावी, तसा हा प्रकार आहे. भिंत असणे योग्यच. एक प्रोग्राम कोसळला तरी दुसरा तिच्यामुळेच वाचतो. परंतु निरोप द्यावयाचा तर भिंतीत खिडकी ठेविली पाहिजे.

अशा खिडक्या अनेक प्रकारच्या आहेत. एकाचे लेखन नळीतून दुसऱ्याकडे नेण्याची युक्ति युनिक्स प्रणालीत १९७३ साली आली. सॉकेट नावाची अधिक व्यापक सोय कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींनी १९८३ साली प्रचारात आणली; गेम इंजिनाच्या कामी बहुधा हिचाच उपयोग केला जातो. सॉकेटाला एक पत्ता आणि एक पोर्ट-क्रमांक लागतो. १२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे ‘हाच संगणक’. तेथे टाकलेला निरोप घराबाहेर पडतच नाही. नवशिके पुष्कळदा हा पत्ता सोडून सर्व दिशांनी उघडी अशी खिडकी ठेवितात आणि मग वाटेल त्या परक्याचा निरोप आत येऊ शकतो. ते टाळणे बरे.

निरोप पाठविण्याच्या दोन रीती आहेत. यूडीपी ही पोस्टकार्डाची रीत: प्रत्येक कार्ड सुटे, परंतु एखादे गहाळ होईल किंवा मागचे पुढे येईल, ह्याची हमी कोणी घेत नाही. टीसीपी ही पाटाच्या पाण्याची रीत: जे सोडले ते सर्व, त्याच क्रमाने पोचते. मग पाटच का घेऊ नये? अवश्य घ्यावा, मात्र पाटात दोन घागरी ओतल्या, तर खालच्या टोकाला पहिली कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली हे सांगता येत नाही. टीसीपीमध्ये निरोपाला कडा नसतात. एका वेळी पाठविलेले दोन निरोप एकत्र चिकटून येतात, अथवा एकच निरोप दोन तुकड्यांनी येतो. प्रयोगशाळेत छोटे निरोप नीट पोचलेले पाहून पुष्कळांचा ह्या बाबतीत गैरसमज होतो, आणि खरे काम सुरू झाल्यावर घोटाळा उडतो.

ह्यावर एक उपाय असा की, निरोपाच्या आधी त्याची लांबी सांगावी. येथे मराठी माणसाला एक खास खड्डा आहे. ‘धाराशिव’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. संगणक व्यंजने व मात्रा निराळ्या मोजतो, म्हणून त्याच्या लेखी चिन्हे होतात सात. आणि यूटीएफ-८ ह्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते, म्हणून पाटातून वाहतात एकवीस बाइट. पाठविणाऱ्याने लांबी सात म्हणून कळविली आणि घेणाऱ्याने सातच बाइट उचलले, तर त्याच्या पदरी ‘धा’ आणि ‘र’चा तिसरा हिस्सा एवढेच पडते, उरलेले चौदा बाइट पुढच्या निरोपाचा आरंभ म्हणून वाचले जातात आणि तेथून पुढे सारेच बिघडते. इंग्रजी नावांवर चाचणी घेणाऱ्याला हा दोष जन्मभर दिसणार नाही, कारण तेथे एका अक्षराला एकच बाइट लागतो! लांबी बाइटांत मोजावी, किंवा प्रत्येक निरोप जेसॉन पद्धतीने एका ओळीत लिहून ओळ संपताच निरोप संपला असे ठरवावे.

नावाचीच दुसरी गोष्ट. २०२३ साली शासनाने उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव असे केले. जुन्या नकाशांत पहिले नाव आहे, नव्या कागदांत दुसरे. हिशेब करणारा ‘धाराशिव’ म्हणून निरोप पाठवितो आणि चित्र काढणारा ‘उस्मानाबाद’ नावाच्या जागेचा शोध घेत बसतो; माणसाला जे सहज उमगते ते यंत्राला सांगावे लागते. म्हणून निरोपात नावाऐवजी अंक घालणे शहाणपणाचे. २०११ च्या जनगणनेत ह्या जिल्ह्याचा अंक ५२५ आहे. नामांतराच्या वादाशी त्याला कर्तव्य नाही.

आता गेम इंजिनाच्या स्वभावाकडे वळले पाहिजे, कारण बहुतेक घोळ तेथेच होतात. इंजिन एका सेकंदात सामान्यतः साठ चित्रे काढते, म्हणजे एका चित्राला सुमारे १६.७ सहस्रांश सेकंद मिळतात. एवढ्या अवधीत ते निरोपाची वाट पाहत थांबले, तर पडदा गोठतो. यास्तव निरोप घेण्यासाठी निराळा थ्रेड नेमावा, त्याने आलेला निरोप रांगेत ठेवावा आणि इंजिनाच्या मुख्य थ्रेडाने प्रत्येक चित्राच्या आरंभी रांग पाहावी. रांगेवरच्या ह्या नोकराने चित्रातील वस्तूंना स्वतः हात लावता कामा नये. युनिटीत तर तशी सक्त मनाई आहे.

इतके केल्यावरही एक सूक्ष्म धोका उरतो. हिशेब करणारा सेकंदाला शंभर निरोप पाठवीत असेल आणि इंजिन दर चित्राला एकच निरोप उचलीत असेल, तर दर सेकंदाला चाळीस निरोप साचतात. दहा मिनिटांनी पडद्यावर दिसते ते चार मिनिटांपूर्वीचे पाणी. चित्र सुरेख असते, हलते, चकाकते, आणि शिळे असते. दर वेळी रांग पूर्ण रिकामी करावी आणि पाण्याच्या पातळीपुरता शेवटचा निरोप तेवढा खरा मानावा. ‘दरवाजा उघडला’ ह्यासारखा निरोप मात्र एकही टाकून देता येत नाही. तो क्रमाने पाळलाच पाहिजे. पातळी ही स्थिती आहे, दरवाजा उघडणे ही घटना आहे, आणि दोहोंना एकच नियम लावणे हा ह्या विषयातील सर्वांत महागडा आळस होय.

याहून भयंकर प्रकार म्हणजे हिशेब करणारा प्रोग्राम मध्येच बंद पडणे. इंजिनाला त्याचा पत्ता लागेलच असे नाही. ते शेवटची पातळी धरून लाटा हलवीत राहते. नदी वाढत असताना पडद्यावरचे पाणी शांत दिसते, आणि पाहणारा अधिकारी निर्धास्त होतो. म्हणून सांगण्यासारखे काही नसतानाही हिशेब करणाऱ्याने दर सेकंदाला ‘जिवंत आहे’ एवढा निरोप पाठवावा, प्रत्येक निरोपावर वेळ घालावी, आणि तीन सेकंद काहीच न आल्यास इंजिनाने पाण्याचा रंग काढून घेऊन त्या जागी ‘माहिती थांबली आहे’ असे ठळक लिहावे. ही व्यवस्था काम करते की नाही हे पाहण्यासाठी सरावाच्या दिवशी कोणालाही न सांगता हिशेबाचा प्रोग्राम बंद करावा आणि पडद्यासमोर बसलेल्यांपैकी ते प्रथम कोणाच्या लक्षात येते, तेही किती सेकंदांनी, हे घड्याळ लावून मोजावे.